स्थौल्य आणि सफरचंद : कशाच्या बदल्यात?

गेल्या काही वर्षांत स्थौल्याचा रुग्ण चिकित्सालयात पाऊल ठेवताच जो प्रश्न विचारतो, तो औषधाविषयी नसतो. तो विचारतो, "सफरचंद खाल्ले तर चालेल ना?" किंबहुना तो विचारत नाही, खातच असतो. आपल्या संमतीची मोहोर तेवढी त्याला हवी असते. आणि आपणही, बाहेर दहा रुग्ण ताटकळत असताना, "चालेल, चालेल" म्हणून पुढचा केसपेपर हाती घेतो. आम्हीही वर्षानुवर्षे हेच करीत आलो. या "चालेल" शब्दाने आमच्याच दोन रुग्णांच्या बाबतीत काय घडले, ते सांगितल्यावाचून या विषयाला हात घालणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

पहिल्या रुग्णा बावन्न वर्षांच्या. सोलापुरातील पूर्व भागातील विणकर कुटुंबातल्या. वजन ८४ किलो, उंची बेताची, गुडघ्यांत वेदना, दोन जिने चढताच धाप, घाम फार, आणि भूक अनावर. आम्ही औषधयोजना केली, सकाळचे चालणे सांगितले आणि पथ्याच्या रकान्यात नेहमीच्या सवयीने लिहिले, "फळे घ्यावीत." तीन महिन्यांनी त्या आल्या तेव्हा काटा ८६ वर होता. औषधात खंड नव्हता, चालण्यातही फारसा नव्हता. आहाराची बारकाईने चौकशी करता उलगडा झाला. रात्रीची भाकरी, आमटी, भात नेहमीप्रमाणे होत असे. त्यानंतर दोन सफरचंदे. दात पडलेले असल्याने ती सोलून किसलेली, आणि घशाखाली सहज उतरावीत म्हणून पेलाभर साखर घातलेल्या दुधात कालवलेली. "डॉक्टर, तुम्हीच लिहून दिलं होतं की फळं खा म्हणून," त्या म्हणाल्या. मुलगा यंत्रमागावर जादा पाळी करून आईसाठी सफरचंदाची पेटी आणत होता. त्या पेटीचा खर्च ऐकून आम्ही खाली मान घातली.

दुसऱ्या रुग्णाची हकीकत पुढे येईलच.

ग्रंथ काय सांगतात?

'सेव' म्हटले की आपल्याकडे प्रथम फरसाणातील शेवच आठवते. तथापि भावमिश्रांनी सोळाव्या शतकात आम्रादि फलवर्गात सेव या फळाचे वर्णन केले आहे आणि ते ओळखण्याची खूण दिली आहे ती मोठी मार्मिक आहे : मुठीएवढे बोर. हिवाळ्यात बोरांच्या टोपल्यांनी भरलेला सोलापूरचा बाजार ज्याने पाहिला आहे, त्याला ही उपमा लगेच उमगेल. पुढे गुण सांगितले आहेत ते असे : रसात व विपाकात मधुर, शीत, गुरु, वातपित्तशामक, रुचिकर, शुक्रकर, कफकर आणि बृंहण.

बृंहण! वजन उतरावे म्हणून ज्या फळावर आज साऱ्या जगाची भिस्त आहे, त्याला आपला निघंटु बृंहण आणि कफकर म्हणतो. विद्यार्थिदशेत हे सारे आपण पाठ केलेले असते. परीक्षेत गुणही मिळवलेले असतात. पण चिकित्सालयात बसल्यावर मासिकांतील आहारसदरांचा आवाज निघंटूपेक्षा मोठा होतो.

गोष्ट इथेच संपली असती तर "सफरचंद स्थौल्यात वर्ज्य" असे एका ओळीत लिहून आम्ही मोकळे झालो असतो. परंतु चरकसंहितेच्या फलवर्गात सिंचितिका (काही पाठांत सिंबितिका) नावाचे फळ येते. अनेक अभ्यासक ते सफरचंदच मानतात, काहींना ते मान्य नाही. त्याचे गुण कषाय, मधुर, शीत आणि ग्राही असे सांगितले आहेत. येथे कषाय रसाला अग्रस्थान आहे, बृंहणाचा उल्लेख नाही. दोन्ही वर्णने एकाच जातीच्या फळाची आहेत असे धरले, तर मधल्या काळात फळ बदलले, की पाहणाऱ्याने वेगळा वाण पाहिला? रानटी सफरचंद आकाराने लहान, आंबट-तुरट असते. मनुष्याने निवड करीत करीत ते मोठे, रसाळ आणि गोड केले. आज आपल्या हातगाड्यांवर दिसणाऱ्या लाल सफरचंदांचे मूळ पाहिले तर ते फार जुने नाही. सॅम्युअल स्टोक्स या अमेरिकन गृहस्थांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हिमाचलातील कोटगढ येथे 'डिलिशियस' जातीची कलमे आणून लावली आणि तेथून हा गोड वाण पसरला. भावमिश्रांनी तो पाहिलेला असणे शक्यच नाही. तरीही आजच्या फळाला त्यांचेच वर्णन अधिक लागू पडते, हे चाखणाऱ्याला मान्य व्हावे. हिरवे, आंबटसर सफरचंद सालीसकट चावले तर मात्र जिभेवर कषाय रस स्पष्ट उमटतो. त्याचे कारण सालीत व सालीलगत साठलेली पॉलिफेनॉल वर्गातील द्रव्ये. म्हणजे साल काढून टाकणारा रुग्ण, चरकोक्त वर्णनातला जो अंश त्याच्या कामाचा, तोच नेमका कचऱ्यात टाकतो.

गुरु, तरीही अपतर्पण

स्थौल्यचिकित्सेचे सूत्र आपणां सर्वांना अवगत आहे. अष्टौनिंदितीय अध्यायात चरकाचार्य स्थूलासाठी गुरु आणि अपतर्पण अशा द्रव्यांची योजना सांगतात. प्रथमदर्शनी हे विचित्र वाटते. जड माणसाला जड अन्न? पण संप्राप्ती लक्षात घेतली की कोडे सुटते. मेदाने मार्ग आवृत झाल्याने वायू कोष्ठातच विशेषत्वाने संचार करतो, अग्नी प्रदीप्त करतो, आहार झपाट्याने जिरतो आणि पुन्हा भूक लागते. अकराव्या शतकातील टीकाकार चक्रपाणिदत्तांनी येथे मधाचे उदाहरण देऊन स्पष्ट केले आहे की, गुरुत्वामुळे असे द्रव्य वाढलेल्या अग्नीला काम देते आणि तर्पण करीत नसल्याने मेदही घटवते.

आता सफरचंदाकडे या दृष्टीने पाहू. आधुनिक विश्लेषणानुसार १०० ग्रॅम सफरचंदात साधारण ८५ ग्रॅम पाणी, १० ग्रॅम शर्करा, सव्वादोन ते अडीच ग्रॅम तंतू आणि सुमारे ५२ किलोकॅलरी असतात. मध्यम आकाराचे एक फळ म्हणजे ९० ते १०० किलोकॅलरी. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात त्या ३३० ते ३५० असतात. आकारमानाने मोठे, चावायला वेळ घेणारे, पोटात जागा व्यापणारे, आणि त्या मानाने पोषण अल्प. हे गुरु-अपतर्पणाच्या जवळ जाणारे वर्णन नव्हे काय? आणि तरीही भावमिश्रांचे बृंहणत्व खोटे ठरत नाही, कारण ते म्हणतात तो परिणाम आहारात भर म्हणून घेतलेल्या मधुर, स्निग्ध जोडीच्या फळाचा. आमच्या रुग्णेच्या पेल्यात नेमके तेच होते. एकच द्रव्य बृंहणही होते आणि अपतर्पणाच्या कामीही येते. संस्कार, संयोग, मात्रा आणि काल यांनी ते ठरते, हे अष्टौ आहारविधिविशेषायतने शिकलेल्या आपल्या मंडळींना नव्याने सांगावयास नको.

संस्काराचे महत्त्व दाखवणारा एक जुना पाश्चात्त्य प्रयोग आम्हांस फार आवडतो. १९७७ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात ब्रिस्टल येथील संशोधकांनी तो प्रसिद्ध केला. दहा निरोगी व्यक्तींना सफरचंद तीन रूपांत दिले गेले : अखंड, लगदा करून आणि रस काढून. तिन्हींतील शर्करा सारखीच. रस अखंड फळाच्या अकरापट वेगाने आणि लगद्याच्या चौपट वेगाने पिऊन झाला. तृप्ती सर्वांत अधिक अखंड फळाने, सर्वांत कमी रसाने. रस घेतल्यावर रक्तशर्करा चढून नंतर खाली घसरली, तशी ती अखंड फळाने घसरली नाही. आपल्या चर्वणाच्या आग्रहाला इतका नेटका पुरावा क्वचितच मिळेल. किसलेल्या सफरचंदाची वाटी या प्रयोगातल्या लगद्याच्याच पंक्तीत बसते, हे त्या वेळी आमच्या ध्यानी आले असते तर!

२००९ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात ५८ व्यक्तींवर झालेला अभ्यास कालाविषयी बोलतो. दुपारच्या भोजनापूर्वी अखंड सफरचंदाचे तुकडे दिले असता, काहीही न दिलेल्या दिवसाच्या तुलनेत एकंदर भोजन (सफरचंद धरूनही) सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाले. तेच सफरचंद लगदा वा रसरूपात दिल्यावर हा लाभ उतरत गेला, रसात तंतू पुन्हा मिसळले तरीही तो परतला नाही. सुश्रुताचार्यांनी भोजनाच्या आरंभी फळे खावीत असे सांगताना दाडिमादी फळांचा निर्देश केला आहे. डाळिंबाच्या या जिल्ह्यात आपण ते वचन अभिमानाने सांगतो, आणि घरी मात्र फळांची बशी जेवणाच्या शेवटी, आइस्क्रीमच्या शेजारी मांडतो.

येथे एक मोह टाळला पाहिजे. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून सोलापुरात आहे, सोलापूर डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तेव्हा "सफरचंद सोडा, आपले डाळिंब खा, वजन उतरेल" असे म्हणावेसे वाटणे स्वाभाविक आहे. पण गोड डाळिंबालाही निघंटूत तर्पण आणि शुक्रल म्हटले आहे. ते लघु आणि कषायानुरस आहे, त्रिदोषघ्न आहे, आणि म्हणून अनेक स्थितींत आम्ही सफरचंदापेक्षा त्यालाच पसंती देतो. परंतु मातृभूमीच्या प्रेमाने फळातील साखर घटत नाही.

प्रत्यक्ष किती किलो?

रुग्णाला शेवटी आकडा हवा असतो. तो देताना आपण संयम राखावा. ब्राझीलमध्ये झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३० ते ५० वयाच्या ४९ स्त्रियांच्या नेहमीच्या आहारात रोज तीन सफरचंदे, तीन पेअर अथवा तेवढेच तंतू असलेली ओटची तीन बिस्किटे वाढवण्यात आली. दहा आठवड्यांनी सफरचंदाच्या गटाचे वजन सरासरी ०.९३ किलोने आणि पेअरच्या गटाचे ०.८४ किलोने घटले. बिस्किटांच्या गटात घट झाली नाही. तंतू सारखेच असताना हा फरक पडला, यावरून पाण्याने फुगलेले आकारमान व चर्वण यांचा वाटा ध्यानात येतो. पण घट किती? अडीच महिन्यांत एक किलोच्या आत.

त्याहून व्यापक निरीक्षण २०१५ चे. अमेरिकेतील १,३३,४६८ स्त्री-पुरुषांच्या चोवीस वर्षांच्या नोंदी तपासल्या असता, रोजच्या आहारात सफरचंद वा पेअरचा एक वाटा वाढवणाऱ्यांत दर चार वर्षांच्या काळात वजनातील बदल सुमारे ५६० ग्रॅमने कमी आढळला. हे निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे. सफरचंद वाढवणारा मनुष्य इतर चार चांगल्या गोष्टीही करीत असतो. तरी चार वर्षांत अर्धा किलो, हे प्रमाण मनात ठेवले म्हणजे "महिन्यात पाच किलो"च्या जाहिरातींकडे कोणत्या नजरेने पाहावे ते कळते.

थोडक्यात, सफरचंद मेदोहर औषध नाही. ते एखाद्या अधिक बृंहण पदार्थाची जागा घेते तेव्हाच उपयोगी पडते. म्हणून आम्ही आता रुग्णाला "सफरचंद खा" असे सांगतच नाही. "पाच वाजता चहाबरोबर काय खाता?" हे विचारतो. खारी, टोस्ट, फरसाण, जे उत्तर येईल, त्यावर काट मारतो आणि त्या जागी फळ लिहितो. जागा रिकामी झाली नसेल तर फळ लिहीत नाही.

दुसरा रुग्ण

चव्वेचाळीस वर्षांचे गृहस्थ, स्थौल्यासह मधुमेही. मधुमेहासाठी अन्य चिकित्सकांच्या आधुनिक गोळ्या चालू, त्यांत रक्तशर्करा उतरवणारी सल्फोनिलयुरिया वर्गातील गोळीही होती. आमच्याकडे ते मेदासाठी येत. नवरात्रापूर्वी त्यांनी उंबऱ्यातूनच विचारले, "उपवासाला सफरचंद चालेल ना?" आम्ही म्हटले, "चालेल."

त्यांनी नऊ दिवस फक्त सफरचंदे खाल्ली. वजन उतरताना दिसले, तेव्हा हुरूप येऊन तोच क्रम कोजागरीपर्यंत लांबवला. गोळ्या मात्र पूर्ववत. कोजागरीला सोलापूरहून हजारो भाविक तुळजापूरला पायी जातात. तेही निघाले. तामलवाडीच्या सुमारास त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले. सोबतच्या एका वृद्ध वारकऱ्याने प्रसंग ओळखून गूळ चारला म्हणून निभावले. पुढे त्यांना रुग्णालयात नेण्यात आले आणि ते सुखरूप परतले. त्यांनी आम्हांस दोष दिला नाही. पण आमच्या "चालेल" या उत्तरात "गोळ्यांचे काय?" हा प्रश्न नव्हता, हे आम्हांस ठाऊक आहे.

स्थूल रुग्णाला केवळ लंघनावर ठेवू नये, यामागे चरकोक्त कारण आहेच : प्रदीप्त अग्नी व कुपित वायू यांना काहीच आधार मिळाला नाही तर ते शरीरालाच जाळतात. आचार्यांनी त्यासाठी वणव्याचा दृष्टांत दिला आहे. त्यात आज मधुमेहाच्या औषधांची भर पडली आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासाने देशात मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के आणि उदरस्थ स्थौल्याचे ३९.५ टक्के सांगितले. आपल्याकडे मेदासाठी येणाऱ्यांत मधुमेही किती असणार, याचा अंदाज यावरून करता येतो. एकाच फळावर राहण्याचा बेत कोणी बोलून दाखवला, तर त्याच्या गोळ्यांची पिशवी आधी टेबलावर मागवावी. गोळी कमी करण्याचा निर्णय ती देणाऱ्या चिकित्सकाशी बोलूनच घ्यावा. फोन करण्यात कमीपणा मानू नये.

याखेरीज केवळ सफरचंदांवर राहिल्याने उतरलेले वजन सारे मेदाचे नसते. फळात प्रथिने नाममात्र, त्यामुळे मांसधातूही क्षीण होतो. काट्याला मेद आणि मांस यांतला भेद कळत नाही. कटीचा घेर मोजणारी टेप दहा-वीस रुपयांना मिळते. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही भारतीयांसाठी मानलेली मर्यादा केसपेपरवर नोंदत गेले तर खरी प्रगती दिसते.

औषधालयाच्या काउंटरवर

आमच्या औषधविक्रेत्या बांधवांशी थोडे मोकळेपणाने. सफरचंदाचा सिरका, अर्थात ॲपल सायडर व्हिनेगर, आज प्रत्येक आयुर्वेदिक औषधालयाच्या दर्शनी फळीवर आहे. ग्राहक "वजनाची बाटली" म्हणून मागतो आणि आपण देतो. २००९ साली जपानमध्ये स्थूल व्यक्तींवर बारा आठवडे झालेल्या अभ्यासात रोज १५ ते ३० मिलिलिटर सिरक्याने एक ते दोन किलो घट दिसली, आणि सिरका थांबवल्यावर वजन पुन्हा चढू लागले. २०२४ साली लेबनॉनमधील एका अभ्यासाने सहा ते आठ किलोंची घट जाहीर केली. त्याचा जगभर गाजावाजा झाला, कित्येक विक्रेत्यांनी ती बातमी काउंटरवर चिकटवली. तो शोधनिबंध सांख्यिकी व मूळ माहितीविषयीच्या शंकांमुळे संबंधित नियतकालिकाने २०२५ च्या सप्टेंबरात मागे घेतला. ही दुसरी बातमी कोणी चिकटवल्याचे आमच्या पाहण्यात नाही. कात्रण अजून लटकत असेल तर ते काढून टाकावे.

सिरका हा आपल्या शुक्तवर्गातला. उष्ण, तीक्ष्ण आणि रक्त, पित्त व कफ यांचा उत्क्लेश करणारा. चैत्र-वैशाखात पारा चाळीशीपार जाणाऱ्या सोलापुरात, अम्लपित्ताच्या रुग्णाला सकाळी रिकाम्या पोटी शुक्त देणे म्हणजे काय, हे वैद्याला तरी समजावे. पाण्यात न मिसळता घेतल्यास दातांचे आवरण झिजते, हेही ग्राहकाला सांगावे. मूत्रल औषधे वा इन्सुलिन घेणाऱ्यास विचारपूस केल्यावाचून बाटली देऊ नये.

शिवाय कायद्याची बाब. औषधे आणि जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ याच्या अनुसूचीत स्थौल्याचा समावेश आहे. औषधाने स्थौल्य बरे होते अशी जाहिरात करणे हा त्यानुसार गुन्हा ठरतो. "हमखास वजन घटवा" असा फलक दारावर लावणाऱ्यांपैकी कित्येकांना याची कल्पनाही नसते.

पुन्हा त्या पहिल्या रुग्णा. दूध-साखरेचा पेला बंद झाला. सफरचंद एकच, सालीसकट, कवळी बसवीपर्यंत अगदी पातळ चकत्या करून, दुपारच्या जेवणाआधी. संध्याकाळची खारी गेली, तिच्या जागी ताक. रात्रीच्या भातातला निम्मा भाग जवाला आणि कुळथाला दिला. औषधे तीच ठेवली, चालणे वाढवले. सहा महिन्यांत वजन ८६ वरून ८२ वर आले, कटीचा घेर पाच सेंटिमीटरने उतरला, जिना एका दमात चढू लागल्या. यात सफरचंदाचा वाटा किती, ते सांगता येणार नाही. एका वेळी इतक्या गोष्टी बदलल्या की श्रेय वाटणे अशक्य.

पुढच्या उन्हाळ्यात शीतगृहातल्या सफरचंदाचे भाव चढले तसे त्यांनी ते आपणहून सोडले. काकडी खाऊ लागल्या. थंडीत पेरू आले. गेल्या खेपेस काट्यावरून उतरता उतरता त्यांनी विचारले, "डॉक्टर, आता पेरू चालंल ना?"

आम्ही लेखणी खाली ठेवली आणि विचारले, "कधी खाणार, आणि त्याच्याऐवजी काय सोडणार, ते आधी सांगा, मावशी."